मासे शिवले का

जळल्याचा वास आला म्हणून मी दूध बघायला वळले. दूध जागेवर होतं, अजून साय धरायची होती. चुलीतून उडालेला निखारा माझ्या डाव्या पायावर, घोट्याच्या वर पडला होता आणि निवांत कातडी जाळत होता. मला पत्ता नाही. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी चिमट्याने निखारा उचलला, चुलीत टाकला, माझ्या पायाकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे. "भाजलं नाही तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "भाजलं ना." पण फार उशिरा म्हणाले.

त्या जागी रुपयाएवढा फिकट डाग होता. बाळंतपणानंतर कधीतरी उठला होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, मी आपला नायटा समजून सोडून दिला होता. त्या दिवसापासून मी रोज तोंड धुवायच्या आधी पाय बघायला लागले. डाग तेवढाच आहे, की कडेने सरकलाय? बघून बघून डोळ्यांना दिसेनासं व्हायचं.

ही गोष्ट साधारण एकोणीसशे पस्तीस-छत्तीसची. मी एकोणीस वर्षांची होते. आमचं घर नाशकात गंगेच्या अगदी जवळ. नकाशात तिचं नाव गोदावरी, पण नाशिकचं माणूस तिला गंगाच म्हणतं. घरात पिढीजात तीर्थोपाध्येपण. बाहेरगावचे यजमान यायचे, आमच्याकडेच उतरायचे, जेवायचे, आणि थोरले दीर त्यांना घाटावर नेऊन त्यांच्या पितरांचं श्राद्ध, दहावं, अस्थिविसर्जन करून आणायचे. अशा घरात पानं वाढणाऱ्या सुनेच्या पायावर तसा डाग आहे हे बाहेर कळलं असतं, तर आमच्या ओसरीवर कुणी पाणीसुद्धा प्यायलं नसतं. शिवाय दिरांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. त्यांना कोणी पुसलं नसतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी काही दूधखुळी नव्हते.

त्या रोगाचं नाव घरात कुणी घेतलं नाही. सासूबाईंनी फक्त थोरल्या मुलाला सांगितलं, म्हणजे माझ्या दिरांना, आणि त्यांनी माझ्या नवऱ्याला. आमचे हे मुळात अबोल. त्या दिवसापासून तर भिंतीशी बोलतात की काय असं वाटायचं. वैद्यांकडून करंजाचं तेल आलं. रोज सकाळी सासूबाई स्वतः माझा पाय मांडीवर घेऊन ते चोळायच्या. सासूने सुनेचा पाय मांडीवर घ्यावा ही उलटीच गोष्ट. मी लाजेने अर्धी व्हायचे. कडू, जड वासाचं तेल. पाय धुतला तरी वास जायचा नाही. माझा मुलगा तेव्हा रांगत होता, अंगावर पीत होता. प्यायच्या आधी तो नाक फेंदारायचा.

श्रावण गेला, डाग गेला नाही. गौरी-गणपती झाले आणि पितृपक्ष तोंडावर आला. आमच्या घरचा तो सगळ्यांत धामधुमीचा काळ. चारी दिशांनी यजमान येणार. त्याआधी काय तो निकाल लागला पाहिजे, असं दिरांनी सासूबाईंना सांगितलं. ते माझ्याशी थेट बोलत नसत. तेव्हा तशी रीतच होती. मी दाराआड उभी असताना ते आईला सांगायचे, "तिला म्हणावं," आणि पुढचं मी ऐकायचं.

"तिला म्हणावं, ऊन पाण्याच्या कुंडावर जायचं आहे."

मी दाराची कडी घट्ट धरली. ते कुंड मी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याविषयी ऐकलं नाही अशी बाई आमच्या आळीत नव्हती. सुरगाण्याकडच्या डोंगरात जमिनीतून उकळतं पाणी येतं. त्या ऊन पाण्यात मासे राहतात. देवीचे मासे, त्यांना कोणी धरत नाही, मारत नाही. अंगावर संशयाचा डाग असलेल्या माणसाला तिथं पाण्यात उभं करतात. मासे येऊन डागाला शिवले, तर माणूस शुद्ध, घरी न्यायचं. नाही शिवले, तर तो रोग नक्की. मग त्या माणसाला घरी आणत नाहीत. कुंडाच्या पलीकडे झोपड्या आहेत.

आज कोणाला हे सांगितलं तर हसतील. हसा बापडे. पण आमच्या घरात ते कोणालाच वेडेपणाचं वाटलं नाही, कारण आमचं पोटच तशा गोष्टीवर चालायचं. दहाव्याला पिंड मांडायचे आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला का? शिवला, की मेलेला माणूस सुटला. नाही शिवला, तर सगळं घर हात जोडून उन्हात उभं. मेलेल्याचा निकाल कावळा देतो हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला, जित्याचा निकाल मासे देतात हे मानायला काय जड जाणार?

मी सासूबाईंना विचारलं, "आई, आणि नाही शिवले तर?" माझी स्वतःची आई लहानपणीच गेली होती, म्हणून मी त्यांनाच आई म्हणायचे. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. त्यांचे हात तांदळात नुसते फिरत होते, खडा एकही बाहेर निघत नव्हता.

निघायच्या दिवशी मी मुलाला पोटभर पाजलं आणि जावेच्या हातात दिलं. त्याने माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली होती, ती एकेक बोट उघडून सोडवावी लागली. आमचे हे ओसरीवर खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. ते म्हणाले, "शाल घेतलीस ना?" बास. मला इतका संताप आला की वणीपर्यंत मी तोच उगाळत बसले, आणि एका परीने ते बरंच झालं. संताप असेपर्यंत भीती जरा लांब बसते.

वणीपर्यंत सर्व्हिस मोटार होती, तिथून पुढे बैलगाडी. पाऊस उघडला होता, पण वाटा चिखलाच्या. गाडीत मी, सासूबाई, आणि पुढे गाडीवानाशेजारी पाठ करून बसलेले दीर. दोन्ही बाजूंना नागलीची हिरवी खाचरं, वर ढगांत बुडालेले डोंगर. एरवी बघत राहावं असं. मी मात्र वाटेतली प्रत्येक खूण मनात पाठ करत होते: हा वाकडा आंबा, हा ओढा, हे शेंदूर फासलेले दगड. मला इथं टाकून गेले, तर चालत परत कसं यायचं, याचा मी विचार करत होते. रात्री एका वाडीत मुक्काम केला. सकाळ झाली तेव्हा माझ्या चोळीतून दूध पाझरून लुगड्याचा पदर भिजला होता. छाती दगडासारखी झाली होती. सासूबाईंनी पाहिलं आणि शाल माझ्या अंगाभोवती घट्ट लपेटली. मग, दुसऱ्या कोणत्याही दिवसासारखी, तेलाची बाटली काढून माझा पाय चोळला.

कुंडावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. तसं काही नव्हतं. काळ्या खडकाच्या कपारीतून पाणी येत होतं आणि त्यावर वाफ होती. कपारीशी हात नेला तर पोळत होता. तिथून ते एका दगडी चरातून वाहत खाली येई. खाली एक डोह होता. त्यात दुसऱ्या अंगाने डोंगरातला थंड ओढा मिळत होता. डोहाच्या एका कडेला पाणी ऊन, दुसऱ्या कडेला गार. मधल्या पट्ट्यात मासे होते.

बोटभर लांबीचे, काळपट, तोंड खालच्या अंगाला. खडकांना तोंडं लावून ते शेवाळ ओरबाडत होते. काही तर वाफेच्या इतके जवळ जात, की मला बघूनच भाजल्यासारखं होई. मी घाटावर वावरलेली सून, मासे मला नवे नव्हते. पण ऊन पाण्यात जिवंत राहणारं जे काही आहे ते मासा कसं असेल? हे दुसरंच काहीतरी आहे आणि ते माझ्यासाठी थांबलंय, असं मनात आलं.

कुंडाची राखण कोकणा जमातीची एक म्हातारी करायची. तिने दिरांकडून नारळ आणि तांदूळ घेतले, देवीच्या दगडापुढे ठेवले आणि मला म्हणाली, "भिऊ नको, बाय. इथं लय जन येतात. गुडघ्याइतक्या पान्यात ऱ्हाय न् हालू नको." तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पलीकडे पळसांच्या मागे झोपड्यांची गवती छपरं दिसत होती. एका छपरातून धूर निघत होता. दुपारचा स्वयंपाक चालला असेल. रोजच्यासारखा धूर तो, पण मी त्याच्याकडे पाठ केली.

मी लुगडं वर खोचून पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं, बाळाच्या आंघोळीचं असावं तसं. दीर एका खडकावर उभे होते, सासूबाई दुसऱ्या. मासे आधी पांगले, मग परत आले. माझ्या उजव्या पायाला आले. बारीक, खरखरीत ओठांनी टोचल्यासारखं झालं, आणि मी शहारले. बोटांना, टाचेला, घोट्याला. बघता बघता उजवा पाय माशांनी काळा झाला. डाव्या पायाजवळ एकही मासा नव्हता. पायाभोवती परातीएवढं पाणी स्वच्छ, रिकामं.

मी मनात देवीला हाका मारल्या. कुलस्वामिनीला मारल्या, मेलेल्या आईला मारल्या. मग मी एक शहाणपणा केला. डावा पाय हळूच सरकवून उजव्याच्या शेजारी नेला, की तिथले मासे इकडे येतील. तर उजव्या पायावरचेही सगळे उडून गेले.

दिरांनी डोळे मिटून घेतले. मग आईला म्हणाले, "तिला म्हणावं, बाहेर ये." त्यांचा आवाज चिरकला होता. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या तोंडावरही रक्त राहिलं नव्हतं. म्हातारीला घेऊन ते पळसांकडे चालू लागले. कशाला, ते मला कळलं. माझ्या झोपडीचं बघायला.

सासूबाई तोंडाला पदर लावून खडकावर बसून राहिल्या. मी पाण्यातच होते. बाहेर आलं, की झालं, मग पुढचं सगळं सुरू होईल, म्हणून मी पाण्यातून निघेना. छाती ठणकत होती. घरी त्याला आता भूक लागली असेल. जाऊ त्याला वाटीने गाईचं दूध पाजत असेल आणि तो तोंड फिरवत असेल. संध्याकाळी गाडी परत जाईल, गाडीत दोनच माणसं असतील, आणि तो कोणाकडे हात पसरेल?

तेवढ्यात ओढ्याच्या खालच्या अंगाने एक बाई कळशी घेऊन आली. चाळिशीची असेल. लुगडं विटलेलं, पण नेसणं आमच्याकडचं. मी तिच्या हातांकडे बघितलं. खरं सांगते, आधी तेच बघितलं. बोटं धड होती. नाक, कान, पाय, सगळं धड. तिने कळशी पाण्यात बुडवली आणि विचारलं, "कुठली गं तू?"

"नाशिकची."

"यंदा गंगेला पूर आला होता का?"

तिने गंगा म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ही आमची होती. आमच्या घाटावर धुणं धुतलेली बाई. मी म्हणाले, "आला होता. देवळांत पाणी शिरलं होतं." ती खूश झाली. म्हणाली, "मला कोपरावर डाग होता. सासऱ्यांनी वैद्याचं करंजाचं तेल आणलं, महिना-दीड महिना चोळलं, गुण काही येईना. मग इथं आणलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. डाग कधीच गेला बघ." तिने कोपर पुढे केलं. साधं, सुरकुतलेलं, सावळं कोपर.

"मग मासे शिवले नाहीत तुम्हाला?"

"त्या दिवशी नाही शिवले. आता मी रोज इथंच पाणी भरते. रोज चावतात मेले, हातांना, कोपरांना. पण बघायला कोण असतं?"

तिने हे अगदी सहज सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मी खाली पाण्याकडे बघितलं, कारण तिच्या तोंडाकडे बघवेना. आणि मला तो तवंग दिसला. माझ्या डाव्या पायापासून निघालेला, उन्हात निळा-तांबडा चमकणारा तेलाचा तवंग. एक मासा त्याच्या कडेपर्यंत आला आणि वळून गेला. मागून आलेला दुसराही वळला.

"आई," मी म्हणाले. "आई, तेल."

सासूबाईंनी पदर काढला. एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. मग त्या ज्या उठल्या, त्यांना मी तशा पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. म्हातारीच्या चुलीतली राख ओच्यात भरून आणली. मला काठावर बसवून राखेने, वाळूने, भांडं घासावं तसा माझा पाय घासला. तेल निघावं म्हणून वरच्या चरातलं कढत पाणी तांब्याने आणून ओतलं. ओतताना थोडं त्यांच्या बोटांवर उडालं आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. तेच पाणी माझ्या डागावर पडत होतं. माझा पाय हलला नाही. त्यांनी ते पाहिलं, मीही त्यांना पाहताना पाहिलं. त्यांनी पुन्हा राख घेतली आणि घासायला लागल्या.

दीर परत आले तेव्हा सासूबाई वाट अडवून उभ्या राहिल्या. "ती पुन्हा उभी राहील," त्या म्हणाल्या.

"आई, एकदा देवीनं सांगितलं ते सांगितलं."

"सांगितलं कुणी? माझ्या तेलानं सांगितलं. आणि तू मला शिकवू नकोस. घाटावर कावळा शिवत नाही तेव्हा काय करता तुम्ही? ताटकळलेल्या लोकांना घरी जायचं असतं, म्हणून दर्भाचा कावळा करून पिंडाला लावता आणि मोकळे होता. मेलेल्याला दुसरी संधी देता ना? मग माझी सून तर अजून जिवंत आहे."

दीर काही तरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मागे, कळशी उचलणाऱ्या त्या बाईवर गेली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ते एक पाऊल मागे सरकले. ओठ हलत होते. मला वाटतं ते रामरक्षा म्हणत होते. तिने त्यांना ओळखलं. कळशी कमरेवर घेऊन ती शांतपणे म्हणाली, "भटजी, माझं श्राद्ध तुम्हीच करता ना दर वर्षी? गाडीवाल्यानं सांगितलं होतं मला. कावळा शिवतो का हो लगेच?"

नंतर कळलं ते असं. तिच्या सासरचे लोक नाशकातलेच आणि आमचेच यजमान होते. यात्रेला गेली असता पटकीनं गेली, असं सांगून त्यांनी तिचे दिवस घातले होते, आणि दरसाल पितृपक्षात तिच्या नावाने दिरांकडून पिंडदान करवून घेत होते. ज्या बाईला दीर इतकी वर्षं तिलोदक देत आले, ती भर दुपारी पाण्याची कळशी घेऊन पुढे उभी. मला आधी वाटलं ते पडतात की काय. मी त्यांना म्हातारं होईपर्यंत पाहिलं, पण इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नाही.

"तुम्ही चला आमच्याबरोबर," मी तिला म्हणाले. कुठून धीर आला कोण जाणे. ती म्हणाली, "कुठं? घरी माझं दिवसकार्य झालंय. आणि त्या झोपड्यांत माझी माणसं आहेत, त्यांना बोटं नाहीत. त्यांचं पाणी कोण भरेल?" ती वळली आणि पळसांच्या वाटेला लागली. धूर होता तिकडे.

ती दिसेनाशी झाल्यावर दीर आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, "उभी राहा."

मी उतरले. या वेळी डोळे मिटून घेतले, कारण बघायचं माझ्याच्याने होईना. उजव्या पायाला टोचलं. मग डाव्या पायाच्या बोटांना टोचलं, मग टाचेला. मी श्वास धरून उभी. काठावरून सासूबाई म्हणाल्या, "शिवले." त्यांचा आवाज फुटत होता. "शिवले बघ, डागालाच शिवले." म्हातारी म्हणाली, "शिवलं न् बाय, आता जाय घरा."

मी डोळे उघडले. डागावर मासेच मासे होते. राखेने खरवडलेल्या कातडीला ते चिकटून ओढत होते, एक सुटला की दुसरा तोंड लावत होता. मी वाट बघितली. टाचेवर कळत होतं, बोटांवर कळत होतं. डागावर काही नाही. इतके मासे, आणि मला एकही कळत नव्हता.

परतीच्या वाटेवर दीर गाडीवानाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होते. सासूबाई मला आठवून आठवून सांगत होत्या, की मुलगा आता किती आनंदेल, घरी गेल्यावर दृष्ट काढायला पाहिजे. मी हूं हूं करत होते. सगळ्या खुणा उलट्या येत गेल्या, शेंदरी दगड, ओढा, वाकडा आंबा. जाताना या खुणांकडे बघून मी देवाजवळ काय मागितलं होतं? घरी जायला मिळू दे. मिळालं की. आणि आता घर जवळ येईल तसतसा मला घाम सुटत होता. जाताना मी स्वतःसाठी भीत होते. येताना त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोचलो. जाऊ मुलाला घेऊन दारातच उभी होती. त्याने मला पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि अख्खं अंग पुढे फेकलं. माझ्या छातीतून दूध आपसूक वाहायला लागलं. मी पायरीखालीच थांबले. हात मागे घेऊन पदरात गुंडाळले.

सासूबाईंनी त्याला जावेकडून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "घे गं. मासे शिवलेत."

"शिवले," मी म्हणाले. "पण मला कळलं नाही."

त्यांनाही ठाऊक होतं. कढत पाणी ओतलेला हात त्यांचाच होता. तरी त्या तशाच त्याला पुढे धरून उभ्या राहिल्या, तो रडून लाल झाला तरी. शेवटी आमच्या ह्यांनी, त्या मुक्या माणसाने, पुढे होऊन मुलाला घेतलं आणि मला म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर." वणीपर्यंत उगाळलेला संताप मी त्या क्षणी टाकून दिला.

गावाबाहेर एक दवाखाना होता. त्याच्या रस्त्याने लोक तोंड फिरवून जात. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची बारीक वात करून पायावरून फिरवायला लागले. "लागलं की सांगा, बाई." इथं बोटांवर लागलं. इथं नडगीवर लागलं. मग बराच वेळ काही नाही. बाहेर झाडावर कावळा ओरडत होता. मला समजत होतं, की वात आता डागावर आहे, आणि "लागलं" असं एकदा म्हटलं की मी घरी. कोण बघायला बसलंय? समोर डॉक्टर, शेजारी माझा नवरा. दोघांनाही बिचाऱ्यांना तेच ऐकायचं होतं.

"कळतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी कानाच्या पाळीला आणि डागाला बारीक चीर देऊन काचेवर काहीतरी घेतलं. काच मुंबईला जाणार होती. उत्तर येईपर्यंत मुलाला अंगावर घ्यायचं नाही, वेगळं झोपायचं, असं सांगितलं. मी माजघराच्या मागच्या खोलीत राहिले. पितृपक्ष सुरू झाला, ओसरी यजमानांनी भरली. माझं बाळंतपणाचं दुखणं उलटलंय असं सगळ्यांना सांगितलं होतं. मुलगा रात्री रडायचा आणि मी उशी तोंडात धरायचे. दूध पिळून तुळशीत टाकायचे. आधी वाटी भरायची, मग अर्धी, मग तळाला चिकटेल इतकं.

एके दिवशी त्या बाईच्या सासरचे आले. मी आतून ऐकलं. दरसालप्रमाणे नावं सांगितली: आजोबा, आजी, वडील, आणि थोरली वहिनी, पटकीनं गेलेली. दीर म्हणाले, "बाकीच्यांचं करतो. चौथं नाव माझ्याकडून होणार नाही." त्या लोकांनी कारण विचारलं नाही.  मग ते उठले आणि शेजारच्या भटजींकडे गेले. तिथं चारी पिंड पडले म्हणतात, आणि चारी पिंडांना कावळा शिवला.

सर्वपित्री अमावास्या होऊन गेल्यावर आमचे हे दवाखान्यातून आले. चपला काढायच्या आधी सांगितलं. रोग तोच आहे. पण न पसरणाऱ्या जातीचा आहे. काच स्वच्छ निघाली. घरात राहायला हरकत नाही, सुया घ्यायच्या, पायाला भाजू-कापू द्यायचं नाही, आणि मुलाला घ्यायला काही हरकत नाही. "काही हरकत नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि मग पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागले.

सासूबाईंनी त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि दार ओढून घेतलं. त्याने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं. मग वास ओळखला असावा. तेलाचा वास आता नव्हता. त्याने तोंड लावलं आणि ओढायला लागला. ओढून ओढून दमला, वर बघितलं, पुन्हा लागला. मला सगळं कळत होतं. त्याचे ओठ, नवे दोन दात, छातीवर आपटणारी मूठ. दूध मात्र आटलं होतं.